काळ्या दगडावरचा आकडा

खडकीत अजिंक्य बेसबॉल मंडळाच्या मैदानाच्या कडेला एक काळा दगड उभा आहे. तो कुणाचं स्मारक नाही आणि देवही नाही. मैदान सपाट करताना निघाला, हलवायचा सगळ्यांना कंटाळा आला, म्हणून राहिला. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं : 'मंदाकिनी देवस्थळी. सलग एकवीस.' दर खंडेनवमीला मंडळी त्या दगडापुढे बॅटी मांडत, झेंडू वाहत, आणि पूजा झाली की आकडा नव्या रंगाने गिरवत. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं.

सलग एकवीस म्हणजे लागोपाठ एकवीस सामन्यांत, प्रत्येक सामन्यात निदान एक तरी हिट. चेंडू असा मारायचा की समोरच्यांच्या चुकीने नव्हे, स्वतःच्या फटक्याने बेसवर, म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या ठाण्यांपैकी एकावर, सुखरूप पोचायचं. एक सामना कोरडा गेला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला सोपं वाटतं, करून बघावं म्हणजे कळतं.

मैदानाबाहेरच्या टपरीवर दर रविवारी सकाळी न मोडणाऱ्या विक्रमांवर वाद होई. हिंजवडीत नोकरी करणारा गंधार त्यात अग्रेसर. "काका, जो डिमॅजिओने एकेचाळीस साली सलग छप्पन्न मॅचेसमध्ये हिट मारली. अजून कोणी जवळपास पण नाही. आणि साय यंगचे पाचशे अकरा विन्स! आजचा पिचर तेवढ्या मॅचेस खेळतच नाही, जिंकणार कुठून? इम्पॉसिबल आहे."

स्कोअर लिहिणारे श्यामसुंदर शनिवार पेठेतून स्कूटरवर येत आणि शब्द जपून वापरत. ते म्हणाले, "आपण आजवर एकदाही मैदानावर वेळेत आलेला नाहीत. तोही विक्रम कुणी मोडेलसं वाटत नाही."

"आणि आपल्या मंदाताईंचा?"

"ती काळ्या दगडावरची रेघ. शब्दशः."

मंदाताई हे ऐकून नुसत्या हसत. दारूगोळा कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि आता त्या मंडळाच्या मुलींना शिकवत होत्या. लग्नाकार्यात, बँकेत, दवाखान्यात लोक त्यांची ओळख 'त्या एकवीसवाल्या' अशीच करून देत. विक्रम मोडण्यासाठीच असतात, असं त्या प्रत्येक सत्कारात सांगत. सांगायला काय जातं? मोडणारं कुणी समोर नव्हतं.

मग धायरीची तेजस्विनी पोकळे आली.

पोरीच्या मनगटात जादू होती. पण ती भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेली, आणि तिचे वडील सर्जेराव हे गल्लीतले कायमचे पंच. रनआउट झाली की ते खेकसायचे, "बॅट टेकव की गं! बॅट कशाला दिलीय हातात?" ते तिच्या हाडीमासी खिळलं. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथल्या तिथे टाकून पळायचं असतं. बेसला माणूस लागावा लागतो, लाकूड लागून चालत नाही. तेजस्विनी मात्र मारायची आणि बॅट घेऊन सुसाट सुटायची. वर्षभर मंदाताईंचा घसा 'बॅट टाक' म्हणून बसला. हळूहळू सवय सुटली, निदान सुटल्यासारखी वाटली. आणि पोरगी प्रत्येक सामन्यात हिट मारत सुटली.

तिचा एकोणिसावा सामना झाला त्या दिवशी मंदाताईंना घरी जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोला, पोटात गोळाच आला. विसाव्याला त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकविसाव्याला त्यांनी मुलीला जवळ घेतलं, आणि मग दगडाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

बाविसावा सामना म्हणजे स्पर्धेची अंतिम लढत. तेजस्विनीने आज एक हिट मारली की दगडावरचं नाव बदलणार होतं. धायरीहून टेम्पो भरून माणसं आली होती, सर्जेराव फेटा बांधून सगळ्यांत पुढे. मंदाताई नेहमीप्रमाणे पहिल्या बेसजवळ उभ्या होत्या. शिकवणाऱ्याची जागा तीच.

पहिल्या वेळी समोरच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणारीने, तेजस्विनीला मारण्याजोगा एकही चेंडू दिला नाही आणि तिला तसंच बेसवर जाऊ दिलं. असं बेसवर जाणं म्हणजे हिट नव्हे. दुसऱ्या वेळी उंच उडालेला चेंडू झेलला गेला. तिसऱ्या वेळी तिने चेंडू जमिनीलगत सणसणीत मारला. मधल्या पोरीने तो धडपडत अडवला आणि पहिल्या बेसकडे फेकला. तेजस्विनी जिवाच्या आकांताने पळत होती, आणि बॅट तिच्या हातातच होती.

"टाक!" मंदाताई ओरडल्या.

पण कुंपणापासून त्याहून मोठा आवाज आला. "टेकव! तेजू, टेकव!"

बापाचा आवाज. पोरीने हात लांब केला, बॅटचं टोक बेसवर टेकवलं आणि त्याच झपाट्यात बेसवरून उडी मारून पलीकडे गेली. चेंडू क्षणभर उशिरा पोचला. पंचाच्या आणि बेसच्या मध्ये समोरच्या संघाची खेळाडू आडवी आलेली. त्याला काही दिसलं नाही. त्याने दोन्ही हात पसरले. सेफ!

धायरीकरांनी गुलाल उधळला. हलगी कडाडली. गंधार मोबाईल उंच धरून नाचायला लागला.

मंदाताई बेसपासून दोन हातांवर उभ्या होत्या. पाय लागलेला नव्हता. तेजस्विनी सोडली तर हे फक्त त्यांना ठाऊक होतं. गप्प राहिलं तर पोरगी बाविसाव्या हिटची मालकीण, बोललं तर सगळं गाव म्हणणार, म्हातारीने आपला आकडा वाचवला. त्यांनी गुलालाकडे पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "पंचसाहेब, पाय लागलेला नाही. बॅट लागलीय."

पहिल्या बेसवरची समोरच्या संघाची पोरगी हुशार निघाली. हातात चेंडू होताच. तिने बेसवर पाय ठेवून दाद मागितली. पंचाने तेजस्विनीला विचारलं. तिने मान खाली घातली. बाद.

हलगी थांबली. सर्जेराव कुंपण ओलांडून आत आले. "बाई, तुमच्याच संघाची पोर हाय न्हवं ती? इक्रम व्हायला लागला तर तुमच्या पोटात दुखाया लागलं व्हय?"

"अहो सर्जेराव, दुखतंय ना. तीन सामन्यांपासून दुखतंय," मंदाताई म्हणाल्या. "म्हणून काय दगडावर खोटा आकडा लिहू? उद्या हिच्या तोंडावर कुणी म्हणालं की बॅट टेकवून विक्रम केला, तर तुम्हाला चालेल? बॅट टेकवायला हिला शिकवलं कुणी?"

सर्जेरावांनी फेटा काढला आणि काखेत धरला.

तेजस्विनी बाकावर बसून होती. ती मंदाताईंकडे बघेना. त्या तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझा विक्रम मोडायचाय ना? मग नीट मोड. अर्धवट मोडलेलं मला घरातसुद्धा चालत नाही."

"पण ताई, माझी बारी परत येईल का?"

मंदाताई बोटांवर पाळ्या मोजत पहिल्या बेसकडे परत गेल्या.

शेवटच्या डावात अजिंक्य एका धावेने मागे होतं. तिघी बाद झाल्या की डाव संपतो, आणि पहिल्या दोघी पटापट बाद झाल्या. आता पाळी संघातल्या स्वरालीची, आणि तिच्यानंतर तेजस्विनीची. स्वराली बाद झाली तर सामना संपला, चषक गेला आणि मोजणीही मोडली. आयुष्यात पहिल्यांदा मंदाताईंनी मनातल्या मनात चतुःशृंगीला साकडं घातलं, की आई, माझा आकडा मोडू दे. आणि ते मागताना पोटातला गोळा कुठे गेला ते त्यांना कळलंच नाही.

स्वराली दगडासारखी उभी राहिली. बाहेरच्या एकाही चेंडूला तिने बॅट लावली नाही, आणि चार चेंडू वाईट पडल्यावर ती ऐटीत पहिल्या बेसवर आली.

तेजस्विनी उभी राहिली. पहिला चेंडू हुकला. दुसराही हुकला. आणखी एक हुकला की खेळ खलास. श्यामसुंदरांची पेन्सिल कागदावर टेकून राहिली.

तिसरा चेंडू कमरेच्या उंचीवर आला आणि 'टण्ण' असा आवाज झाला. तो आवाज मंदाताईंनी पस्तीस वर्षं ऐकला नव्हता, स्वतःच्या हातात सोडून कुठेच ऐकला नव्हता. चेंडू वर गेला, अजून वर गेला. कुंपणाजवळून फेटा हलवत बाप गळा फाटेस्तोवर ओरडला, "टाक! तेजू, टाक ती बॅट! टाक!"

तिने बॅट अशी भिरकावली की पंचाला उडी मारावी लागली. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि कुंपणापलीकडच्या बाभळीत घुसला. दोन धावा, एक स्वरालीची, एक तिची. सामना खिशात, चषक खिशात. गंधार श्यामसुंदरांच्या गळ्यात पडला, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी पडू दिलं.

"काका, पस्तीस वर्षांची रेघ गेली!"

"गेली. रंग आणा," श्यामसुंदर चष्मा पुसत म्हणाले. "खंडेनवमीपर्यंत कोण थांबतंय?"

तेजस्विनी धावत पहिल्या बेसपाशी आली आणि थांबली. मैदानभर आरडाओरडा चाललेला, आणि ही दोन्ही पाय जोडून बेसवर धप्पकन उडी मारते! मग तिने घामाने आणि गुलालाने माखलेलं तोंड वर केलं.

"बघा ताई. लागला का पाय?"

"लागला गं, दोन्ही लागले!" मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "आता पळ, अजून तीन बेस राहिलेत!"