मागच्या चेंडूचा आउट

पहिला चेंडू

बाहेर पडला. बॅट्समननं सोडला. धाव नाही.

अंपायरनं उजव्या खिशातला एक स्पेसर डाव्या खिशात टाकला. दोन टाइल्सच्या फटीत ठेवतात तो प्लॅस्टिकचा इवलासा क्रॉस. दुकानात पोत्यानं पडलेले असतात, चेंडू मोजायला बरे. दुकान सासऱ्यांचं. समोर बॅटिंग करतायत तेही सासरे. अंपायरच्या अंगातला पांढरा एप्रन मात्र दातांच्या डॉक्टरांचा. तेच आत्ता बोलिंग टाकतायत. एप्रन जुना, काखेत काचणारा, लवंगेच्या तेलाचा वास मारणारा.

दरवर्षी एक मॅच. टाइल्सचं दुकान विरुद्ध समोरची सोसायटी. अंपायर बॅटिंगवाल्यांचाच, जो आधी आउट होईल त्यानं एप्रन चढवायचा. घरचाच माणूस म्हटल्यावर एलबीडब्ल्यू वगैरे भानगड ठेवलेलीच नाही. जावई शून्यावर आउट झाला होता.

"नशीब बघा एकेकाचं," नॉन-स्ट्रायकरला उभा असलेला दुकानाचा टेम्पोवाला म्हणाला. "आमची विकेट पडली की आम्ही बाकड्यावर. जावईबापूंची पडली की लगेच नोकरी!"

डॉक्टर चेंडू पँटला घासत परत आले. अंपायरच्या शेजारून जाताना आवाज खाली आणून म्हणाले, "सांगितलं का त्यांना?"

"नाही अजून."

"संध्याकाळी दुसरं जोडपं फ्लॅट बघायला येतंय. मी किती थोपवून धरू?"

दुसरा चेंडू

वाईड.

(वाईड मोजत नाहीत. म्हणून इथे घराची गोष्ट.)

लग्नानंतर दोघं 'जागा मिळेपर्यंत' सासऱ्यांकडे राहायला आले आणि राहिले. खोली स्वयंपाकघराच्या पलीकडची. तिथली फरशी उरलेल्या सँपल टाइल्सची, एक गुळगुळीत, एक खरखरीत, एक लाकडासारखी. अंधारात उठलं तरी कुठं उभे आहोत ते तळव्यांना कळतं. सासरे दारावर टकटक करतात, पण टकटक आणि दार उघडणं एकदमच होतं. चहाला बोलवायला येतात. बाजारात शर्ट आवडला की दोन घेतात, एक स्वतःला, एक जावयाला, दोन्ही स्वतःच्या मापाचे. छळ केला असता तर भांडून निघता आलं असतं. लाड करणाऱ्याशी भांडायला तोंड कुठून आणायचं?

नवरा-बायकोची भांडणं कुजबुजत व्हायची. पुढं पुढं तीही थांबली.

"मला एकदा तुझ्याशी मोठ्यानं भांडायचंय," बायको म्हणाली, आणि जाऊन तिनंच डॉक्टरांचा फ्लॅट शोधला. आज सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत होता तेव्हा म्हणाली, "मी सांगितलं तर म्हणतील नवऱ्यानं कान भरले. तू सांग. आज. नाहीतर मी एकटी जाते राहायला." गंमत म्हणून म्हणाली नव्हती. ती आत्ता त्याच्या मागं, सीमारेषेपलीकडच्या बाकावर आईशेजारी बसली होती.

दुकानात 'मालक', घरी 'बाबा', मैदानावर 'कॅप्टन'. एका माणसाला तीन हाका, आणि एकीच्याही पुढं ते वाक्य बसत नव्हतं.

दुसरा चेंडू, परत

चौकार. अंपायरनं हात हलवला.

"बघितलास का रे?" सासरे तिकडून ओरडले. "हा शॉट तुला शिकवतो! पुढच्या वर्षी आपण दोघं ओपनिंग!"

"पुढच्या वर्षी," अंपायर म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही.

तिसरा चेंडू

टक्.

चेंडू बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात. सोसायटीची सगळी माणसं हात वर करून ओरडली. सासऱ्यांनी अंपायरकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ग्लोव्हची पट्टी नीट करत राहिले, घरचा प्रश्न घरात सुटेल अशा सवयीनं.

अंपायरचा हात वर गेला.

नाही, गेला नाही. एप्रन काखेत अडकला.

एप्रनचाही संबंध नाही. हात गेला नाही, एवढंच.

"नॉट आउट."

"अहो, काय हे!" कीपर म्हणाला. "तो आवाज माझ्या बहिऱ्या आजोबांनीसुद्धा ऐकला असता!"

"माझा माणूस आहे तो!" सासरे खुशीत बॅट आपटत म्हणाले. "उगाच नाही घरात ठेवलाय!"

सगळे हसले. टेम्पोवाला सगळ्यांत जास्त.

डॉक्टर हसले नाहीत. चेंडू घेऊन आले, अंपायरजवळ क्षणभर थांबले. "मॅच मैत्रीची आहे, राग नाही माझा. पण फ्लॅट त्या जोडप्याला देतो. जो माणूस त्यांना आउट म्हणू शकत नाही, तो 'आम्ही निघतो' म्हणून काय सांगणार?"

चौथा चेंडू

पुन्हा बाहेर. सासऱ्यांनी बॅट उचलून सोडला. कीपरनं धरला आणि जांभई दिली. कुणी हूं की चूं केलं नाही.

अंपायरचं बोट वर होतं.

डेड बॉल

"हे काय?" टेम्पोवाला म्हणाला. "अपील कुणी केलं?"

"मी नाही बाबा," डॉक्टर म्हणाले.

सासरे क्रीजमधून ओरडले, "कशाबद्दल रे?"

"मागच्या चेंडूबद्दल!"

"मागचा नॉट आउट दिलास तू!"

"खोटं दिलं!"

मैदानभर हशा पिकला. पॉइंटवरचा एक जण खालीच बसला. खेळपट्टी काही फार लांब नसते, पण कुजबुजून पलीकडे पोचता येत नाही. अंपायरला ओरडावंच लागलं.

"बाबा! आम्ही वेगळं राहतोय!"

मैदानावर 'बाबा' तो पहिल्यांदाच म्हणाला. हशा कुठूनतरी विरत विरत संपला.

सासरे बॅट काखेत मारून चालत आले. एप्रनच्या अगदी समोर उभे राहिले. "कुठं?"

"डॉक्टरांच्या बिल्डिंगमध्ये. तिसऱ्या मजल्यावर."

सासऱ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"मी फक्त बॉल टाकतोय," डॉक्टर म्हणाले.

"पोरीला माहितीये?"

"तिनंच शोधलं."

सासऱ्यांनी हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. एरवीपेक्षा ते लहान दिसत होते. काहीतरी बोलतील, चिडतील, निदान शिवी तरी घालतील, याची जावयानं वाट पाहिली. शिवी घातली असती तर बरंच झालं असतं.

"तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमला आपल्याच टाइल्स आहेत," सासरे म्हणाले. "हलका माल होता तो. पाय घसरेल पोरीचा. उद्या माणसं पाठवतो, उखडून नवीन घालू. हॉलपण करून टाकू एकदमच. आणि दुकानाच्या अगदी समोर खिडकी आहे ना? मग काय, हाक मारली की आलास."

बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळत चालला होता. खोल्या डोळ्यांपुढं येत होत्या, रंग ठरत होते. आता एक 'बरं' म्हटलं की झालं. सगळं गोड. जावयाच्या जिभेवर 'बरं' येऊन बसलं होतं, रोजच्यासारखं.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"टाइल्स. आहेत तशाच राहू देत."

"अरे, घसरायला होतं!"

"घसरू आम्ही. आणि... दारावरची बेल वाजवून या."

टेम्पोवाल्यानं आकाशाकडे पाहिलं. सासऱ्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"ते बोट तरी खाली कर," ते अखेर म्हणाले. "आउट आहे की नाही, नक्की सांग."

"आउट."

"अपील नाही म्हणे."

"मी करतो," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "उशिरा का होईना. हाउज दॅट?"

कुणी हसलं नाही. सासरे अंपायरच्या शेजारून निघाले, बाकाच्या दिशेनं. पायांवरचे पॅड एकमेकांवर घासल्याचा आवाज लांब लांब जात राहिला.

मग तो आवाज थांबला. बाकापाशी थांबला असावा. बायको उठली का, बाप-लेक काय बोलले, की नुसतेच एकमेकांसमोर उभे होते, ते कळायला मागं वळायला हवं होतं. पण नवा बॅट्समन समोर येऊन उभा राहिला होता, बॅट स्टंपांपुढं धरून.

"मिडल द्या, जावईबापू."

ओव्हर संपायची होती. अंपायरनं हात वर केला, समोर पाहत म्हणाला, "थोडं डावीकडे," आणि कान मागं लावून उभा राहिला.