नमुन्याचं हृदय

धाकटीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं म्हातारे गणिती स्वतःला सांगत असत. खरं तर ते राहून गेलं नव्हतं, त्यांनीच ते राहू दिलं होतं. गेल्या हिवाळ्यात आलेलं ते पत्र टेबलावर शब्दकोशाखाली पडून होतं, आणि एखादा शब्द अडला तरी ते हल्ली शब्दकोश उचलत नसत.

धाकटी म्हणजे त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान मुलगी. आता ती मुलगी राहिली नव्हती, त्याच संस्थेची संचालिका होती. पण त्यांच्या मनात ती धाकटीच. ईमेलला हे गृहस्थ उत्तर देत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे तिने हाताने लिहिलं होतं: 'सर, एकच विचारायचं आहे. नमुन्याच्या हृदयाची चित्रं घेतली, तेव्हा तो माणूस खरोखर विश्रांतीत होता का? इतर निरोगी माणसांच्या मानाने त्याचा रक्तप्रवाह जास्त दिसतो आहे. या नमुन्यावर बेतलेलं आपलं गणिती यंत्र आता इस्पितळांत गेलं आहे, म्हणून काळजी वाटते. त्या दिवसाचं तुमच्याशिवाय कुणाला आठवणार?'

तो माणूस! तो माणूस म्हणजे ते स्वतः, हे धाकटीला पक्कं माहीत होतं. काचेपलीकडे चित्रं घेणारं यंत्र चालवत तीच तर बसली होती. पण त्यांच्या कामाची रीतच तशी. चित्रावरून नाव खोडलं की माणसाचा 'तो' होतो.

त्या प्रयोगशाळेत संगणकावर हृदयं बांधली जात. स्नायू कसा आवळतो, त्याच्या अंगावरून जाणाऱ्या धमन्या कशा वाकतात, त्यांतून रक्त किती वाहतं, सगळं समीकरणांत. त्यातली एक गोष्ट भल्याभल्यांना गणितात पकडता येत नव्हती. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण आवळताना ते स्वतःच्याच धमन्या चेपतं; त्याच्या वाट्याचं बरंचसं रक्त त्याला मिळतं ते सैल पडल्यावर. हे नेमकं मांडणारं समीकरण या लाजऱ्याबुजऱ्या माणसाने जुळवलं होतं, आणि कच्चा कागद वाचायला म्हणून धाकटीकडे दिला होता.

पुढे एका सकाळी निरोगी हृदयाची चित्रं हवी होती आणि माणूस मिळेना. हे तयार झाले. संमतीच्या कागदावर सही करायला प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या खोलीत गेले, तर साहेब नव्हते. टेबलावर छापखान्यातून आलेली पानं पडली होती. पहिल्याच पानावर त्यांचं समीकरण. राशींना दिलेली अक्षरं त्यांचीच, चिन्हंसुद्धा त्यांच्या खोडीप्रमाणे उलटी. वर नावं दोन: साहेबांचं आणि धाकटीचं. त्यांचं नाव सापडलं शेवटच्या पानावर, आभारांत, चहा आणून देणाऱ्या माणसाच्या जरा वर.

दुसरा कुणी असता तर त्याने टेबल उलथं केलं असतं. यांनी सही केली, खाली गेले, घड्याळ काढून ठेवलं आणि मुकाट्याने यंत्रात आडवे झाले.

"सर, अगदी शांत पडून राहा हं," काचेपलीकडून धाकटी म्हणाली.

ते शांत पडून राहिले. छातीत मात्र घण पडत होते.

चित्राच्या कडेला एक काळी पट्टी असते. तिच्यात नाव, वय आणि नाडी छापलेली असते. नाव दिसू नये म्हणून ती पट्टी सरसकट खोडायची पद्धत होती. नावाबरोबर नाडीचा आकडाही गेला. त्याआधी त्यांनी तो पाहिला होता: चौऱ्याण्णव. विश्रांतीतला माणूस म्हणून त्यांचंच हृदय नमुना ठरलं, आणि स्नायूला निवांत असताना किती रक्त लागतं याचं माप साऱ्या जगाने त्यांच्या संतापावरून घेतलं. एका शब्दाने ते दुरुस्त झालं असतं. पण ते मूग गिळून बसले, निवृत्त झाले तरी बसले. आपण बुजरे आहोत, एवढंच, असं म्हणत राहिले. आत कुठेतरी गोड लागत होतं हे मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही: माझ्या गणितावर नाव लावलंत ना, मग चुकू दे थोडं.

उन्हाळ्यात त्यांच्या बायकोला जिना चढताना छातीत भरून यायला लागलं. इस्पितळात तिची चित्रं काढली, ती त्याच गणिती यंत्राकडे गेली, आणि अहवाल ऐकायला दोघं बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक धिप्पाड माणूस बसला होता. बस चालवायचा, म्हणाला.

"चालवायचा म्हणजे?" बायकोने विचारलं. तिला कुणाशीही बोलता येई.

"गेल्या महिन्यात स्टेंट टाकला ना, ताई. आता डेपोवाले स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत. खिडकीत बसून पास देतोय. माणसं ओरडतात, मी शिक्के मारतो."

"पण बरं वाटतंय ना?"

"दम लागायचा तेवढाच लागतो. डॉक्टर म्हणाले, आकडा वाईट होता. एकोणऐंशी. ऐंशी असता तर सुटलो असतो बघा. एका मार्काने नापास!" तो मोठ्याने हसला. बायकोही हसली.

गणिती हसले नाहीत. डोक्यात आपोआप आकडेमोड सुरू झाली होती. नमुन्याचा प्रवाह जास्त, म्हणून याच्या हृदयालाही यंत्राने जास्त प्रवाह दिला; प्रवाह जास्त म्हणून अरुंद जागेपलीकडे दाब जास्त घसरला. चौऱ्याण्णवच्या जागी विश्रांतीतली नाडी धरली, तर हा माणूस पंच्याऐंशीच्या आसपास पास होत होता. त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. पुन्हा तेच. मग ते त्या माणसाच्या हातांकडे बघायचं टाळत भिंतीवरचं आगीच्या वेळचं सूचनापत्रक वाचत बसले.

आत डॉक्टर तरुण होता, घाईत होता, वाईट नव्हता.

"काकू, तुमचं सत्त्याहत्तर आलंय. म्हणजे अडथळ्याच्या अलीकडे दाब शंभर असेल तर पलीकडे सत्त्याहत्तरच पोचतोय. ऐंशीच्या खाली आपण थांबत नाही. पुढच्या आठवड्यात स्टेंट टाकू."

"आत... आत तार घालून दाब खरोखर मोजता येतो ना?" गणितींनी टेबलाच्या कडेकडे बघत विचारलं.

"तो त्रास वाचावा म्हणून तर हे यंत्र आलं, काका."

"नाही, पण यंत्रातला मूळ प्रवाह..."

"काका," डॉक्टर हसून म्हणाला, "हे मोठमोठ्या लोकांचं गणित आहे. आपण त्यात नको पडायला."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, बोला की." ते चष्मा पुसत राहिले. काचा स्वच्छ होत्या.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या त्या भिंतीपर्यंत गेल्या.

"तोंडाला कुलूप लावलंय का तुमच्या? आयुष्यभर हृदयावर डोकं फोडलंत, आणि माझ्या वेळेला चष्मा पुसताय!"

मग त्यांनी सांगितलं. साहेबांचं टेबल, पानं, काळी पट्टी, शब्दकोशाखालचं पत्र. सगळं प्रथमच, आणि खाली बघून.

"म्हणजे," शेवटी ती म्हणाली, "तुमच्या रागाची नळी माझ्या छातीत बसणार?"

"तसं म्हटलं तर..."

"तसंच म्हणतेय मी. आणि त्या बसवाल्याच्या बसली सुद्धा." तिचा आवाज चढला नाही. "चोरी केली त्यांनी. मान्य. त्या पोरीच्या झिंज्या उपटायला मी तुमच्याबरोबर आले असते. पण तिने विचारलंय, तुम्ही शांत होतात का. हिवाळ्यात विचारलंय. बसवाल्याला स्टेंट कधी टाकला?"

त्यांनी शब्दकोश उचलून खालचं पत्र काढलं. गेल्या महिन्यात, हे तिला ठाऊक होतंच.

"तार घालून मोजल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही, डॉक्टरला मी बघते. तुम्ही लिहायला बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची चार पानं झाली. त्यांत समीकरणाचा जन्म होता, कच्च्या कागदाचा इतिहास होता, विद्येच्या क्षेत्रातल्या नीतीवर एक परिच्छेद होता. तिने ती उभ्यानेच वाचली.

"हे वाचून ती रडेल की नाही माहीत नाही, पण झोपेल नक्की. नाडीचा आकडा कुठाय?"

"तिसऱ्या पानावर आहे."

"वा! तोवर अजून दोघांचे स्टेंट होतील."

त्यांनी नवा कागद घेतला. या वेळी फार वेळ लागला नाही.

'नमुन्याचा माणूस विश्रांतीत नव्हता. नाडी चौऱ्याण्णव होती. पट्टी खोडताना तो आकडा गेला. मूळ प्रवाह कमी करून आजवरचे सगळे अहवाल पुन्हा काढावेत आणि ज्यांना स्टेंट बसले त्यांनाही खरं कळवावं. त्या सकाळी साहेबांच्या टेबलावर माझं समीकरण तुमच्या नावाखाली वाचून मी तसाच यंत्रात झोपलो होतो. हे उत्तर मी इतके महिने मुद्दाम दिलं नाही.'

"शेवटची दोन वाक्यं खोडतो," ते म्हणाले. "एक कोतं वाटतं, आणि दुसरं..."

"दुसरं खरं वाटतं. पहिलंही राहू द्या. निरोगी माणसाची नाडी चौऱ्याण्णव का, असं ती विचारणारच. परत पत्र येईल, आणि परत तुम्ही त्याच्यावर शब्दकोश ठेवाल."

टपाल कचेरीपर्यंत ती बरोबर आली. उतार होता, म्हणून दोघं सावकाश पण न थांबता चालले. पेटीपाशी त्यांचा हात रेंगाळला. या कागदाने आता धाकटीला काय वाटेल, याचा विचार करताना त्यांना पुन्हा तेच जुनं गोड काहीतरी जिभेवर जाणवलं, आणि स्वतःची किळस आली. पत्र टाकल्यावर हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ते टाकलं. हलकं काही वाटलं नाही.

"पडलं ना आत?" बायकोने विचारलं. "मग चला. परतीला चढ आहे, मला वेळ लागतो."