वादळाचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे. छपराचा नाही, डब्याचा नाही. नाशिकच्या एका कॅथलिक शाळेत स्टेजच्या मागं टांगलेला, वादळाचा पत्रा. नाटकात आभाळ गडगडायचं असलं की मला धरून हलवायचं. बास, एवढंच माझं काम. दुसऱ्याला घाबरवणं. पण मित्रांनो, खरं सांगू का? माझ्याएवढा भित्रा त्या शाळेत कोणी नव्हता. पहिलीतलं शेंबडं पोरसुद्धा नाही.

माझी भीती जन्मापासूनची. अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या पेट्या बनायच्या. आम्ही पत्रे एकावर एक रचलेले आणि समोर कापायचं मशीन. खाट् झालं की वरचा गेला. खाट्, पुढचा गेला. माझा नंबर आला तेव्हा देवरामभाऊ नावाच्या कामगाराला माझा एक कोपरा मुडपलेला दिसला. त्यानं लाल खडूनं माझ्यावर फुली मारली आणि मला भिंतीला लावून ठेवलं. फुली मारलेल्याचं पुढं काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कोणाला?

देवरामभाऊची मोहिनी या शाळेत शिकायची, नाट्यमंडळात होती. तिनं घरी तक्रार केली होती की पप्पा, आमच्या नाटकात वीज चमकते पण वाजत नाही. भाऊनं साहेबाला विचारलं, माझी गुंडाळी केली आणि स्कूटरला बांधलं. पाथर्डी फाट्यापासून प्रत्येक गचक्याला मी वाजत होतो आणि लोक वळून बघत होते. शाळेत मला वर दोन भोकं पाडून दोरीनं टांगलं, खाली धरायला लाकडी पट्टी ठोकली.

तिथं दर शुक्रवारी शेवटचे दोन तास मंडळांचे. बँडवाले मैदानात, चित्रकलेवाले जिन्यात, निसर्गमंडळाची पोरं नांदूरमधमेश्वरला बघितलेल्या पक्ष्यांची नावं भिंतीवर लावताना भांडत असायची. नाटकवाले माझ्याकडं. मोहिनीनं मला पहिल्यांदा हलवलं तेव्हा पडद्यामागची दोन पोरं खाली बसली. सगळे म्हणाले, काय गरजतो! आता तुम्हाला म्हणून सांगतो, मी गरजत नसतो. मी थरथरतो. समोरच्याला ते गरजणं वाटतं.

लय वर्षं कौतुक झालं. पाहुणे आले की फादर मला थोपटून दाखवायचे. मग मोहिनी दहावी होऊन गेली, स्पीकर आले, मोबाइलमध्ये गडगडाट आला. माझ्यावर जुन्या नाटकांचे झगे टाकले. त्या झग्यांखाली काळोखात मी वर्षं मोजायचं सोडून दिलं. जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, आले, न्यायला आले.

एका शुक्रवारी झगे बाजूला झाले. समोर आठवीतली उजमा. आवाज इतका बारीक की हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हटलं तरी गैरहजेरी लागायची. यंदाच्या गॅदरिंगला संध्या मिसनी तळ्यातल्या वादळाचं नाटक बसवलं होतं. होडीत येशू झोपलेला, वादळ येतं, शिष्य घाबरून त्याला उठवतात आणि तो हात वर करून वादळ थांबवतो, ते. पाठ केलेलं वाक्य उजमाच्या तोंडून बाहेर येईना, म्हणून मिस म्हणाल्या, तू वादळ हो.

शिष्य झालेला दिनेश तिला रोज चिडवायचा. “वादळ आलं रे, डबा खाऊन.”

ती मला दोनदा हलवायची, की तो चार पावलं मागं. मग दिनेश मिसकडं जाऊन सांगायचा की माझ्या मोबाइलमध्ये भारी गडगडाट आहे, बटण दाबलं की झालं. मिस म्हणायच्या, पत्रा आहे तोवर पत्राच. म्हणजे बघा, मी गेलो की उजमाचं कामही गेलं. तिला दुसरं कामच नव्हतं. तीही घाबरलेली, मीही घाबरलेला. आमचं चांगलं जमलं.

आणि मग ती चिठ्ठी आली.

आमच्या नव्या मुख्याध्यापिका सिस्टर अगाथा मंगळूरच्या. मराठी मनापासून बोलायच्या, पण ‘माझा खुर्ची’ आणि ‘माझी चष्मा’. पोरं गालात हसायची, सिस्टरही हसायच्या. शाळेची तपासणी जवळ आली होती आणि ऑफिसच्या कपाटात पालकांची वीस-पंचवीस वर्षांची पत्रं कोंबलेली होती. सिस्टरनी शिपाई गोरक्षमामासाठी चिठ्ठी लिहून ठेवली: ‘सगळे जुने पत्रे आज काढून द्या.’

मामा कळवणकडचा, कामाला वाघ. जुने पत्रे म्हणजे जुने पत्रे. त्यानं सायकल स्टँडचे दोन गंजके उतरवले, पाण्याच्या टाकीवरचा एक उतरवला आणि स्टेजच्या मागं येऊन माझी दोरी सोडली. मी खणखणलो, पण ते कोणाला कळणार?

गेटवर भारत भंगारवाल्याची हातगाडी उभी. मी गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला लागेल म्हणून भारतनं कातर काढली. वाईट माणूस नव्हता तो. पण ती कातर माझ्या मधोमध चालली, मित्रांनो, आणि मला अंबडचं मशीन आठवलं. ज्याला मी जन्मभर भ्यालो, ते गेटवर, भरदुपारी, दोन मिनिटांत झालं.

पुढचं मला नंतर कानावर आलं. शुक्रवारी उजमाला नुसती दोरी लोंबताना दिसली. ती धावत मामाकडं गेली. मामानं खिशातून चिठ्ठी काढून दाखवली.

“हे बघ, सिष्टरनं लिवलंय. जुने पत्रे.”

उजमानं दोनदा वाचलं. “मामा, हे कागदांचं असेल. जुनी पत्रं. लिहिताना ‘जुने’ झालंय.”

“आता मला काय ठाव, माय? जे लिवलं ते केलं.”

जी पोरगी हजेरीला ऐकू यायची नाही, ती मामाला घेऊन थेट सिस्टरच्या ऑफिसात गेली. सिस्टरनी चिठ्ठी बघितली, मग भरलेलं कपाट बघितलं. आधी हसू आलं असणार, पण उजमाचा चेहरा बघून त्या उठल्याच.

“माझा चूक,” सिस्टर म्हणाल्या.

 बोलण्यातली ती चूक कोणी दुरुस्त केली नाही. शाळेची व्हॅन काढून तिघं भारतच्या वखारीत आले.

मी ढिगात खालून चौथा होतो. दुसऱ्या दिवशी सगळा माल जालन्याच्या भट्टीला जायचा होता. मामा एकेक पत्रा उचलायचा, उजमा बोटाच्या पेरानं वाजवायची, कान लावायची आणि मान हलवायची. हा नाही. हा पण नाही. माझ्यावर टकटक झाली. मी जीव खाऊन वाजलो. पण अर्ध्या पत्र्याचा आवाज वेगळा असतो, बारीक.

ती म्हणाली, “हा नाही.”

मित्रांनो, कातरीपेक्षा मोठी भीती ती होती. ज्याला आपण ओळखीचे, त्यानंच ‘हा नाही’ म्हणणं. ढीग संपला. सिस्टर म्हणाल्या, चला बाळा, उशीर होतोय. उजमा दोन पावलं गेली आणि थांबली.

“मामा, वाजवून कळत नाहीये. हलवून बघू.”

तिनं सगळे पुन्हा हातात घेतले. माझी पाळी आली, तिनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच हलवलं. मी थरथरलो. ती खाली बसली आणि मला मांडीवर घेऊन माझ्या वरच्या कडेची दोन भोकं चाचपत राहिली. माझा दुसरा अर्धा भाग त्या वखारीत नव्हता. कुठं गेला, भारतलाही सांगता आलं नाही.

मला परत स्टेजच्या मागं टांगलं. दिनेश म्हणाला, अर्ध्या पत्र्यात नुसती फडफड होईल. मला तीच धास्ती होती. गॅदरिंगच्या संध्याकाळी हॉल भरलेला, होडीतले शिष्य वल्ही मारतायत. उजमानं माईक माझ्याजवळ ओढला. जोरानं नाही, नुसत्या बोटांनी तिनं मला हलवलं. गडगडाट झालाच नाही. एक बारीक कापरा आवाज हॉलभर पसरला, लांबून काहीतरी चालून येतंय असा. पुढच्या रांगेतल्या पोरांनी एकमेकांचे हात धरले. दिनेशनं होडीची कड घट्ट पकडली. त्याचं वाक्य ओरडायचं होतं, पण ते हळूच निघालं.

“गुरुजी, उठा. आम्ही बुडतोय.”

होडीतल्या येशूनं हात वर केला आणि उजमानं तिचे दोन्ही तळवे माझ्यावर टेकवले. मी गप्प झालो. सगळा हॉल गप्प झाला.

मी आजही दोरीवर टांगलेला आहे, अर्धा. गेटवर हातगाडीचं चाक वाजलं की आपोआप हलतो. ती भीती काही जात नाही. पण मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखं कोणी अडगळीत पडलं असेल तर चिठ्ठी लिहायच्या आधी एकदा जाऊन त्याला हलवून बघा. थरथरलं, तर लगेच सोडू नका. वरून थोडा वेळ हात ठेवा.