हातोड्याची कवळी

दातांच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, कवळीवाले गेली अठ्ठावीस वर्षं लोकांचे दात बनवत होते. वर डॉक्टरीणबाई माप घ्यायच्या, खाली हे प्लास्टर ओतायचे, मेणात दात बसवायचे, घासूनपुसून कवळी वर पाठवायचे. सगळा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात गेला, पण स्वतःच्या तोंडातून शब्द निघायची मारामार. अपवाद फक्त रविवारचा.

रविवारी सकाळी साडू घरी यायचे. ते लिफ्ट दुरुस्त करत. त्यांची बायको, म्हणजे कवळीवाल्यांची थोरली मेव्हणी, दोन वर्षांपूर्वी गेली. पूर्वी चौघांच्या गप्पा रंगायच्या. आता तिचं नाव निघालं, की साडू चष्मा पुसत बसायचे आणि चहा निवून जायचा. मग कधीतरी बॉक्सिंगचा विषय निघाला, आणि तो दोघांच्याही पथ्यावर पडला.

प्रश्न एकच. चाळीस वर्षांपूर्वीचा विजेता, ज्याला लोक ‘हातोडा’ म्हणत, आणि आत्ताचा विजेता ‘वीज’, हे दोघं ऐन भरात असताना समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? कवळीवाले हातोड्याचे, साडू विजेचे.

“अहो, तुमच्या हातोड्याचा ठोसा निघेपर्यंत आमचा गडी घरी जाऊन जेवून येईल!”

“येऊ दे की. एक ठोसा बसला, की पुढं महिनाभर पेजच प्यायची आहे.”

“दोघांनी उभ्या जन्मात एक डास धड मारला नाही,” कवळीवाल्यांची बायको आतून म्हणायची.

एका मंगळवारी डॉक्टरीणबाईंचा वरून फोन आला. “एका आजोबांना खाली पाठवतेय. खालची कवळी टोचतेय, जरा घासून द्या.”

कठडा धरत एक म्हातारा उतरला. मनगटं रुंद, नाक एका अंगाला कललेलं. चिठ्ठीवरचं नाव वाचायची गरजच नव्हती. समोर हातोडा उभा होता.

कवळीवाल्यांनी कवळी हातात घेतली, टोचणाऱ्या जागी पेन्सिलीची खूण केली आणि मशीन चालू केलं. कवळी धुऊन परत देताना मात्र त्यांना राहवेना.

“एक विचारू? विजेशी तुमची लढत झाली असती तर?”

हातोड्यानं कवळी बसवली, दोनदा चावून पाहिलं. “चौथ्या फेरीत मी आडवा.”

“काहीतरीच काय!”

“माझा डावा डोळा अधू होता. त्या बाजूनं येणारा ठोसा दिसायचाच नाही. आमच्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून मी विजेता. हा पोरगा पहिल्याच फेरीत ओळखेल. सांगा खुशाल कुणालाही, आता मला कुणाशी लढायचंय? हे बघा, मागच्या बाजूला अजून टोचतंय.”

कवळीवाल्यांनी मागची बाजू घासून दिली.

पुढचे दोन रविवार ते गप्प गप्पच होते. साडू जोरात बोलायचे, हे नुसते मान हलवायचे. शेवटी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

“मग सांगून टाका ना भाऊजींना,” ती म्हणाली.

“वाद मिटेल गं. मग ते यायचे कशाला?”

“इतकी वर्षं काय वादासाठी येत होते? सांगा.”

तिसऱ्या रविवारी त्यांनी सांगितलं. साडू हरखतील, टाळी मागतील असं त्यांना वाटलं होतं. पण साडू भडकलेच.

“चौथ्या? कोण म्हणतं चौथ्या?”

“खुद्द हातोडा!”

“त्याला काय कळतंय? लढणाऱ्याला फक्त स्वतःचा मार आठवतो. पाहिलंय आपण! आठव्या फेरीपर्यंत तर तो हमखास टिकला असता.” साडूंनी कप खाली ठेवला. “ही पण तेच म्हणायची.”

“कोण?”

“तुमची मेव्हणी. हातोडा म्हणजे तिचा जीव की प्राण. जिंकला की रिंगमध्येच ढसाढसा रडायचा ना, म्हणून. मी मुद्दाम विजेची बाजू घ्यायचो. चिडली की छान दिसायची. मग सवयच लागली.”

कवळीवाल्यांची बायको हात पुसत बाहेर येऊन बसली. ताई लहानपणी कुणाकुणाशी आणि कशावरून भांडायची, ते ती सांगू लागली. साडूंनी मध्येच दोन चुका काढल्या. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.

पुढच्या रविवारी साडू आले ते हातोड्याची बाजू घेऊनच. तेव्हा वाद चालू राहायचा तर विजेच्या बाजूनं कुणीतरी हवं होतं. कवळीवाल्यांनी घसा खाकरला आणि ती बाजू घेतली.