शुक्र दिसेपर्यंत

राहीमावशीने नातीच्या लग्नाला एकच अट घातली होती. आकाशातला शुक्र तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे, मगच अक्षता पडतील.

राहीमावशी म्हणजे घिवलीत आमच्या शेजारच्या चिकूच्या वाडीची मालकीण. वय अठ्ठ्याहत्तर. तिची नात समिधा बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिचं दातिवऱ्याच्या केदारशी जमलं. केदार मालवाहू जहाजावर असतो. दहा फेब्रुवारीला त्याला जहाजावर हजर व्हायचं होतं, आणि परत येणार तो थेट दिवाळीनंतर. भटजी म्हणाले, सध्या शुक्राचा अस्त आहे, एक तारखेला उदय होईल, मग सहा तारखेचा मुहूर्त धरा.

शुक्र सूर्याच्या फार जवळ गेला की दीड-दोन महिने दिसत नाही. त्याला तारा बुडाला म्हणतात आणि तेवढ्या काळात लग्नं लावत नाहीत. सहा तारीख सगळ्यांना पटली. मावशीला नाही पटली. तिचं स्वतःचं लग्न असंच घाईने, तारा बुडालेला असताना लागलं होतं. तेव्हाच्या भटजींनी कागद बघून हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. नवरा तिसऱ्या वर्षी काविळीने गेला. सासू पुढं वीस वर्षं तिला तेच ऐकवत राहिली.

"कागदावर काय पन लिवतात," मावशी म्हणायची. "मला तारा दाखवा."

दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आजूबाजूला दुर्बीण माझ्याकडेच आहे.

मी नरहरी. मूळचा सिन्नर तालुक्यातला. बोईसरला एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो, पंप दुरुस्त करायचो. निवृत्त झाल्यावर माझ्या बायकोच्या, सुलूच्या हट्टामुळे घिवलीत घर बांधलं. तिला समुद्र पाहिजे होता. समुद्र तिला चारच वर्षं मिळाला. ती गेल्यावर मुलगा ललित पुण्याहून आला आणि जाताना दुर्बीण ठेवून गेला. म्हणाला, पक्षी बघा, बोटी बघा, घरात बसू नका. पक्षी माझ्यासाठी थांबत नाहीत. तारे थांबतात. म्हणून मी तारे बघायला लागलो.

खरं सांगायचं तर आकाशातला एकच तारा मला माहीत होता, तोही सुलूमुळे. शेवटच्या आजारात तिची खाट पूर्वेच्या खिडकीशी होती. मार्गशीर्षात संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला ताडांच्या वर एक मोठा पिवळसर तारा यायचा. ती म्हणाली, "अहो, शुक्राची चांदणी बघा." मी रोज तिच्या उशाशी बसून ती चांदणी बघायचो. फार बोलणं व्हायचं नाही. तिला बोलल्यावर धाप लागायची.

सुलूला जाऊन तेरा महिने झाले तेव्हा, यंदा जानेवारीत, तोच तारा पुन्हा त्याच ताडांवर आला. गेल्या वेळेपेक्षा महिनाभर उशिरा आला, पण आला. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वर्षभरात वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मावशी विचारत आली. तिच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. सहा-सात वर्षांत तिने तारा म्हणून पाहिला नव्हता. समिधा हात धरून तिला आमच्या गच्चीवर घेऊन आली.

"भाऊ, तुमी आकाशातलं बघता म्हनं. शुक्र दिसतो काय?"

मी पूर्वेकडे हात केला. "हा काय समोर."

मावशी बराच वेळ बघत राहिली. "बाई गं, केवढा हाय."

समिधा म्हणाली, "काका, पण भटजी म्हणाले एक तारखेला उदय. आज तर पंधरा तारीख."

"पंचांग छापणारे कुठं गच्चीवर चढून बघतात?" मी म्हणालो. "सुलूने दाखवलेला तारा आहे. चुकायचा नाही."

सुलूचं नाव निघाल्यावर मावशीने मान डोलावली. सुलूवर तिचा जीव होता. सहा तारीख पक्की झाली, पत्रिका छापायला गेल्या.

चूक कळली ती माझ्या सवयीमुळे. पंपाचा शाफ्ट बघताना हात हलू नये म्हणून आम्ही कोपर कशावर तरी टेकवतो. एका संध्याकाळी मी तसंच पाण्याच्या टाकीवर कोपरं टेकवली आणि दुर्बिणीतून त्या ताऱ्याकडे बघितलं. ताऱ्याच्या बाजूला तीन बारीक ठिपके होते. एका ओळीत, दोन डावीकडे आणि एक उजवीकडे. मला वाटलं काचेवर काही आहे. काच पुसली. ठिपके तिथंच. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन उजवीकडे, आणि तिसरा दिसेना.

शुक्राला असे फिरणारे चंद्र नसतात, एवढं मलाही माहीत होतं. फोनमध्ये आकाशाचं ॲप घेतलं आणि फोन ताऱ्यासमोर धरला. त्यात लिहून आलं, गुरू. माझा विश्वास बसेना. फोन पश्चिमेकडे फिरवला तर शुक्र सापडला, पण समुद्राच्या रेषेखाली, सूर्याला चिकटून.

मग मी डोकं चालवलं. शुक्र सूर्याभोवती आपल्यापेक्षा आतल्या बाजूने फिरतो. म्हणजे आपल्याला तो सूर्याच्या आसपासच दिसणार, संध्याकाळी मावळतीला नाहीतर पहाटे उगवतीला. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला बुडत असताना तो पूर्वेला दिसणं शक्यच नाही. ही गोष्ट तिसरीतल्या पोरालाही समजावता येईल. मी दोन हिवाळे त्याच्याकडे बघत होतो आणि मला सुचली नव्हती.

सुलू चुकली होती. हे सांगावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे सुलू. ती खूप हसली असती.

मावशीला सांगावं की नाही यात माझे चार दिवस गेले. गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. सहाला लग्न लागलं असतं आणि भटजींच्या हिशेबाने तोवर शुक्र उगवलेलाही असता. मी जवळपास ठरवलंच होतं की बोलायचं नाही.

अठ्ठावीस तारखेला मावशी पहिली पत्रिका घेऊन आली. देवापुढे एक ठेवल्यावरची पहिली. ती तिने सुलूच्या फोटोपुढे ठेवली आणि हळद-कुंकू वाहिलं. "सुलू, तुझ्या ताऱ्यामुळं जमलं बाई."

मला राहवलं नाही.

"मावशी, तो शुक्र नाही."

"कोन?"

"तो पूर्वेचा. तो गुरू आहे. शुक्र अजून बुडालेलाच आहे."

"सुलूनं दाखवलान ना तुमाला?"

"सुलू चुकली. आणि मी खात्री न करता तुम्हाला सांगितलं. चूक माझी आहे."

मावशी खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "म्हंजे मी परत दुसऱ्याच्या सांगन्यावरच हो म्हटलं." ती उठली आणि पत्रिका परत घेऊन गेली.

रात्रीच्या जेवणाआधी समिधा आली. रागात होती. "काका, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? आजी आता म्हणते, तारा दिसेपर्यंत हळदही नाही. दोनशे पत्रिका वाटायच्यात. केदारला काय सांगू, दिवाळीनंतर ये?"

"तारा मी दाखवतो," मी म्हणालो.

"मागच्या वेळी दाखवलात तसा?"



एक आणि दोन तारखेला मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण डोळ्याला लावायची नाही, नाहीतर डोळा जातो. सूर्य बुडाला की शुक्रही मागोमाग पंचवीस-तीस मिनिटांत बुडणार. त्यातली पहिली दहा मिनिटं उजेडात जातात आणि शेवटची दहा समुद्रावरच्या धुरकटीत. राहतात सात-आठ मिनिटं. दोन्ही दिवस काही दिसलं नाही. तीन तारखेला मावशी, समिधा आणि मी असे तिघे गेलो. पश्चिमेला ढगांची भिंत होती. मावशी म्हणाली, "चला," आणि परत फिरली.

चार तारखेला केदारही मोटारसायकलवरून आला. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या पुढे, कोरड्या वाळूत मावशीसाठी खुर्ची ठेवली होती.

"केदार, तू एवढा जगभर फिरतोस, तुला ठाऊक नाय शुक्र कुटं असतो?" मावशीने विचारलं.

"आजी, मी इंजिनरूममध्ये असतो. मला चार-चार दिवस आकाश दिसत नाही."

"मग उपेग काय तुजा?"

समिधा हसली. आठवडाभरात पहिल्यांदा हसली.

सूर्य बुडाला. मी मनात बारा मिनिटं मोजली, दुर्बीण एका होडीच्या काठावर टेकवली आणि जिथं सूर्य गेला त्याच्या जरा डावीकडे, वर, सावकाश फिरवत राहिलो. एकदम एक पांढरा ठिपका आला. हलत नव्हता, लुकलुकत नव्हता. विमान असेल म्हणून मी थांबलो. मिनिटभर तो जागेवरच होता. समिधाला दाखवला, केदारला दाखवला. दोघांनाही दिसला.

"मावशी, या. इथून बघा."

"काचेतून नाय," मावशी खुर्चीवरूनच म्हणाली.

"अगं आजी, खरंच आहे तिथं!"

"असंल. काचेतून मानूस पन जवळ दिसतो, जवळ येतो काय? नुसत्या डोळ्यानं दिसंल तेवाच उगवला म्हनायचा."

नुसत्या डोळ्यांनी त्या दिवशी कोणालाच दिसला नाही. मावशी तिच्या जागी बरोबरच होती. उदय म्हणजे डोळ्यांना दिसणं, दुर्बिणीला नव्हे. मी घरी आलो आणि विचार केला. तारा रोज थोडा थोडा वर सरकत होता. मला त्याची वेळ आणि जागा आता माहीत झाली होती. उरला होता एकच दिवस.

पाच तारखेला वाडीत हळदीची तयारी होती. कमलाकांतने, म्हणजे मावशीच्या मुलाने, आईला न विचारता मांडव घालून घेतला होता. बायका हळद कालवून बसल्या होत्या, पण लावायला कोणी हात पुढे करत नव्हतं. मी मावशीला आणि समिधाला घेऊन लवकर निघालो. सकाळपासून उत्तरेचा वारा होता. लांबच्या अणुवीज प्रकल्पाची चिमणी अगदी कोरल्यासारखी स्वच्छ दिसत होती.

"भाऊ, नाय दिसला तर?" मावशीने वाटेत विचारलं.

"तर नाही दिसला म्हणून सांगा. मी आज काही बोलणार नाही."

"रागावलात काय?"

"नाही. मी एकदा बोललोय, तेवढं पुरे."

सूर्य गेला. मी दुर्बिणीतून शुक्र शोधला आणि एवढंच सांगितलं, "नांगरलेल्या होड्यांतली तिसरी बघा, लाल झेंड्याची. तिच्या काठीच्या टोकावर, दोन बोटं वर."

मावशीने हात लांब केला आणि काठीवर दोन बोटं ठेवली. समिधा डोळे बारीक करून बघत होती. मीही दुर्बीण बाजूला केली. मला काही दिसेना. आभाळ खाली नारिंगी, वर फिकट. समिधाने माझ्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"ह्यो काय," मावशी म्हणाली.

आम्ही दोघेही तिच्याकडे वळलो.

"कुठं आजी?"

"बोटाच्या वरतीच. सुईनं भोक पाडल्यावानी. तुमाला नाय दिसत?" ती हसायला लागली. "डाक्टरनं डोळे बरे केलेत माजे. तुमचे जून झाले, भाऊ."

"मावशी, नीट बघा. मी जागा सांगितली म्हणून वाटत असेल." हे मी का बोललो देव जाणे. समिधाने माझा हात घट्ट दाबला.

पण मावशीला राग आला नाही. तिने डोळे मिटले, उघडले, खुर्चीवरून उठून चार पावलं बाजूला गेली आणि पुन्हा शोधला. "आता काठीच्या डाव्या अंगाला गेला. तारा तितंच हाय, काठी सरकली." मग ती समिधाला म्हणाली, "हितं उबी ऱ्हा. माज्या खांद्यावरनं बघ."

समिधाने बघितलं आणि ओरडली. मग मीही मावशीच्या मागे उभा राहिलो, आणि मलाही दिसला. खूप लहान होता. एकदा दिसल्यावर मात्र इतका वेळ दिसला कसा नाही असं वाटत होतं.

मावशीने पदर सावरून हात जोडले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशी तुमी गप ऱ्हायला असता, तर मी उद्याच्याला मांडवात सुकानं बसले असते. पन ते फसवलेलं सुक झालं असतं."

"हो."

"सुलूला पन ह्यो दाकवायला पायजे होता."

"हो," मी म्हणालो.

समिधाने फोन काढून घरी कळवलं. पलीकडून बायकांचा एवढा गलका झाला की तिने फोन कानापासून लांब धरला. मावशीने चपला हातात घेतल्या आणि वाळूतून भराभर चालायला लागली.

"आजी, हळू! पडशील!"

"पडतेय कशाला? तारा माज्या डोळ्यानं बघितलाय मी. चला लौकर, हळद सुकंल. आणि भाऊ, ती खुर्ची घेऊन या."

मी खुर्ची खांद्यावर घेतली आणि दुर्बीण गळ्यात टाकून त्यांच्या मागे निघालो.