उजवा खालचा कोपरा

जाहिरात बघताना माणसाची नजर कुठे कुठे जाते ते यंत्राने टिपायचं आणि त्याचा नकाशा काढायचा, हे माझं काम. एकतिसाव्या माणसाने आयत्या वेळी टांग दिली, म्हणून मी बाबांनाच बोलावून घेतलं. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरी बसून माझं डोकं खातात, तेवढाच विरंगुळा.

"हनुवटी इथे टेकवा. डोकं हलवायचं नाही. आणि बोलायचं तर अजिबात नाही, नाहीतर सगळी चाचणी बाद."

"बरं बाई," म्हणत ते बसले.

जाहिरात गादीची. मधे झोपलेली बाई, वर मथळा, शेजारी किंमत, खाली पत्ता आणि फोन. तीस जणांची नजर बाई, मथळा, किंमत अशी फिरून मोकळी झाली होती. बाबांचा लाल ठिपका मात्र मथळ्यावरून थेट उजव्या खालच्या कोपऱ्यात उतरला आणि तिथेच खिळला. पाच सेकंद. दहा. नुसता थरथरत राहिला.

चारच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नजर एकीकडे खिळली, तर एक मिनिटही थांबू नका."

"यांचं बाद करा," साहेब मागून म्हणाले. "नकाशा बिघडतोय. चारला छपाई सुरू होतेय."

केलं बाद. नकाशा गेला खड्ड्यात! मी बाबांना हाताला धरून बाहेर आणलं.

"हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. ही बोटं किती?"

"तीन. अगं, झालंय काय तुला?"

"तुमची नजर अडकली होती, बाबा. खरं सांगा, दिसेनासं झालं का?"

"चाचणी संपली?"

"संपली!" मी ओरडलेच.

"मग सांगतो. फोन नंबरात एक आकडा कमी आहे. सहा वेळा मोजला. चाळीस वर्षं मुद्रितं तपासली मी, डोळा तिथेच जायचा. पण तूच म्हणालीस ना, बोलायचं नाही."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. मग लक्षात आलं. सगळ्यांत जाहिरात वाचली होती ती या एकाच माणसाने, आणि त्यालाच मी बाद केलं होतं. घड्याळात चारला पाच कमी होती. त्यांचा हात न सोडता मी साहेबांच्या खोलीकडे सुटले.

"हळू गं," बाबा म्हणाले. "आणि आत गेल्यावर बोलायचं की नाही, ते आधी सांग."