गोमाशीचा अर्धा घोट

"मला बघता येईल का?" सुनेनं विचारलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. दवाखान्यात येणारी माणसं औषध कोणतं आणि जनावर कधी उठेल, एवढंच विचारत. यंत्रात डोकावायला मागणारी ही पहिलीच. बाईंनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

सून शिवणकाम करायची. बारीक सुईत एका दमात दोरा ओवणारे तिचे डोळे. एक डोळा मिटून ती वाकली. सासऱ्यांच्या घोडीच्या रक्ताचा थेंब काचेवर होता. गोल टिकल्यांची नुसती दाटी, आणि त्या दाटीतून काहीतरी वळवळत चाललं होतं. दोऱ्याचं तुटकं टोक जिवंत व्हावं तसं. टिकल्यांना ढुशा देत ते वाट काढत होतं. अंगावर काटा आला, तरी तिची मान काही हलेना.

"सर्रा म्हणतात या रोगाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घोडीला सुई टोचली होती, पण फार उशीर झालाय, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी. घरात ती आणि सासरे, मागे तबेल्यात घोडी. सासरे घोडागाडी हाकायचे. घोडी चारा-दाणा सगळा संपवायची आणि तरी दिवसेंदिवस वाळत चालली होती. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पाय सुजले. सासऱ्यांनी दाणा बदलला, गाडी सोडून ठेवली, कशानंच गुण येईना. रोगाचं नाव ऐकून ते एवढंच म्हणाले, "कुठून आला ते कळून आता काय करायचंय?"

सुनेला मात्र चैन पडेना. ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि खोदून खोदून विचारत राहिली. बाईंनीही हातातलं काम ठेवून तिला सांगितलं. हा जंतू गोमाशी पसरवते. गोमाशी डासासारखी हळूच टोचत नाही, कातडी कापते. जनावर कळवळून शेपटी मारतं. माशी अर्ध्या घोटावरून उठते आणि उरलेला घोट प्यायला दुसऱ्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेलं रक्त ओलं असेतोवरच जंतू टिकतो, म्हणून तो लांब जात नाही, शेजारच्यालाच गाठतो. म्हशीच्या अंगात तर तो महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. म्हैस खाते-पिते, दूध देते, कुणाला पत्ता लागत नाही.

तबेल्याच्या ठेंगण्या भिंतीपलीकडे दूधवाल्याचा गोठा होता. दूधवाला आणि सासरे जिवाभावाचे मित्र. संध्याकाळी त्याच भिंतीवर दोघांची बैठक जमायची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मशीनवरचे कपडे तसेच टाकून ती भिंतीशी बादली पालथी घालून बसली. एक गोमाशी म्हशीच्या मांडीवर उतरली. हिरवट, मोठ्या डोळ्यांची. रक्ताचा मणी दिसला, शेपटीचा फटका बसला, माशी उडाली आणि भिंत ओलांडून घोडीच्या मानेवर आली. घोडीत आता कातडी थरथरवण्याचंही त्राण उरलं नव्हतं. तिथं माशी निवांत पीत राहिली. सुनेनं हात मारला. तळवा लाल झाला. त्यातलं म्हशीचं किती आणि घोडीचं किती, ते पाहत ती बराच वेळ बसली.

हे सांगायचं कुणाला? सासऱ्यांना सांगावं तर म्हातारपणीची एकुलती मैत्री जायची. गप्प बसावं तर रोग पसरत राहायचा. शेवटी ती गोठ्यात गेली आणि पाहिलं ते सगळं दूधवाल्याला सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "माझ्या म्हशी धडधाकट आहेत. दूध बघ की त्यांचं."

ती वादात पडली नाही. भाऊ, एकदा रक्त तेवढं तपासून घ्या, एवढंच म्हणून परतली. दूधवाला दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग स्वतःच डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. सगळ्यांत जास्त दूध देणाऱ्या म्हशीच्या रक्तात जंतू सापडला.

निरोप तिच्याकडे न देता तो थेट तबेल्यात आला. सासरे घोडीच्या पायांना शेक देत होते. सून दारात थबकली.

"तुझ्या घोडीला माझ्या म्हशीकडनं लागलंय," दूधवाला म्हणाला.

सासऱ्यांचा हात थांबला नाही. शेक देता देताच त्यांनी विचारलं, "म्हैस बरी आहे ना?"

"औषध दिलंय."

"मग झालं."

त्या संध्याकाळी भिंतीवर कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी गेली, सासऱ्यांच्या मांडीवर मान टाकून.

पुढं डॉक्टरीणबाईंनी गोमाशांचा सापळा सांगितला. निळं आणि काळं कापड, वर जाळीची टोपी. निळ्यावर माशी भुलते, काळ्याकडे शिरते, उजेडाकडे वर चढते आणि जाळीत अडकते. निळंच का, हे सुनेनं विचारलंच. बाई हसल्या, पुरतं कुणालाच ठाऊक नाही म्हणाल्या. ते डोक्यात घोळवतच तिनं सापळा शिवला, शिवणी दुहेरी मारून.

सापळा गोठ्याच्या बाजूला उभा करायचा होता. दूधवाल्यानं खड्डा खणला. न बोलावता सासरे बाहेर आले आणि सापळ्याचा बांबू सरळ धरून उभे राहिले. दूधवाला माती लोटत, ठोकत होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

"त्या माशीला काही होत नाही?" सासऱ्यांनी सुनेला विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी या रोगाबद्दल विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"नाही, बाबा. तिच्या नुसतं तोंडाला लागतं. तिला कळतसुद्धा नाही."

सासऱ्यांनी मान हलवली. कापड वाऱ्यानं फुगलं, बसलं. दूधवाल्यानं शेवटचा दगड ठोकून हात झटकले.

"सोड आता," तो हळूच म्हणाला. "घट्ट बसलाय."

सासरे हो म्हणाले, आणि तरी बांबू धरून तसेच उभे राहिले. दूधवालाही मग तिथंच थांबला.